फितुराचं अक्षर सुंदर असू शकतं का? (चिनी सुलेखन आणि समाजाचा निवाडा)

ओवी (धागाकर्ती)

नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली तीन वर्षं आम्ही तैपेईत राहतो. दर बुधवारी सकाळी मी वस्तीतल्या एका केंद्रात शूफा शिकायला जाते. शूफा म्हणजे कुंचल्याने लिहायची चिनी रीत. आपण सुलेखन म्हणतो, पण त्या शब्दात सगळं मावत नाही, म्हणून शूफाच म्हणते. वर्गात मी सोडले तर सगळे साठीच्या पुढचे.

गेल्या बुधवारी लाओशींनी (आमच्या गुरुजींनी) मला नवा कित्ता दिला. दोन वर्षं मी यान झेनछिंगचं (हा आठव्या शतकातला थोर लेखनकार) जाड, भक्कम वळण गिरवत होते. आता हात जरा सुटावा म्हणून झाओ मंगफूचा कित्ता. शेजारी बसणाऱ्या आजींनी तो पाहिला आणि लाओशींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिला हे कशाला देता? अक्षर गोड आहे, पण माणसाला कणा नव्हता."

झाओ मंगफू (१२५४–१३२२) हा सोंग राजघराण्यातला. १२७९ साली मंगोलांनी सोंग सत्ता संपवली, आणि काही वर्षांनी हा कुब्लाई खानाच्या दरबारात चाकरीला गेला. या गोष्टीला सातशेहून जास्त वर्षं झाली. आजी निवृत्त शिक्षिका आहेत, मायाळू आहेत, माझ्यासाठी घरून शेंगदाण्याची वडी आणतात. आणि त्या सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाला अजून माफ करायला तयार नाहीत.

तेव्हा मला हे अन्यायाचं वाटलं. अक्षर बघा ना, माणसाचं काय काढता? पण घरी येऊन विचार करत बसले आणि तितकी खात्री राहिली नाही. का ते सांगते.

शूफाचा कागद शाई लगेच पितो. कुंचला टेकवून क्षणभर जास्त थांबलात तर डाग पसरतो, घाई केलीत तर रेघ कोरडी पडते आणि मधून कागद दिसतो. पुसता येत नाही. वरून गिरवलं तर दुसरा थर जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. शिवाय प्रत्येक अक्षराच्या रेघांचा क्रम ठरलेला असतो, आडवी आधी की उभी आधी हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे बघणारा नुसता आकार बघत नाही, तर लिहिणाऱ्याच्या हातामागून आपला हात मनात फिरवतो. इथे दाब दिला, इथे उचलला, इथे श्वास घेतला. हजार वर्षांपूर्वीचा अर्धा मिनिट कागदावर जसाच्या तसा उरलेला असतो. माझ्या मते ही कला आहे ती यामुळे. बंदिश तीच, राग तोच, पण गाणारा कोण हे पहिल्या आलापात कळतं, तसं.

आता हात एवढा उघडा पडत असेल, तर त्या हातात माणूस शोधायचा मोह होणारच. मग आजी चुकल्या असं सरळ म्हणता येईल का? तुम्हाला काय वाटतं?

---

मृद्गंधा

सुंदर धागा. वाचते आहे. कुंचल्याची रेघ कोरडी पडते त्याला वेगळा शब्द आहे का?

---

ओवी

आहे, मृद्गंधा. 'फेईबाय', म्हणजे उडतं पांढरं. काळ्या रेघेतून कागदाचा पांढरा रंग उडत जातो तसा दिसतो. नवशिक्याची शाई संपल्यामुळे येतं ते नव्हे. शाई असूनही हाताच्या वेगाने येतं ते खरं.

---

निरभ्र

ओवीताई, तुमच्या आजींच्या मागे एक मोठा माणूस उभा आहे, त्याचं नाव फू शान (१६०७–१६८४). मी चिनी भाषेचा विद्यार्थी होतो तेव्हा त्याने मुला-नातवंडांसाठी लिहिलेला उपदेश वाचला होता.

तो सांगतो की तरुणपणी त्याने जिन आणि थांग या जुन्या राजवटींच्या काळातले थोरामोठ्यांचे कित्ते गिरवले, पण काही केल्या जमेनात. मग झाओ मंगफूचा एक कागद हाती आला, आणि थोडक्याच दिवसांत त्याचं अक्षर झाओच्या अक्षरात मिसळून जाईल इतकं जमलं. तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली. सज्जनाच्या जवळ जाणं कठीण असतं, वाईट माणसाशी मात्र चटकन सलगी होते, असं तो म्हणतो. मग झाओ सोडून पुन्हा यान झेनछिंगकडे वळला. अक्षर लिहायला शिकण्याआधी माणूस व्हायला शिका, हे त्याचं सांगणं. आणि आणखी एक: अक्षर चतुर असण्यापेक्षा ओबडधोबड असलेलं बरं, लाडिक असण्यापेक्षा कुरूप बरं.

पण हे लिहिणारा फू शान कुठल्या काळात उभा होता ते पाहिलं पाहिजे. १६४४ साली मिंग सत्ता कोसळली, उत्तरेकडचे मांचू आले, त्यांची छिंग राजवट सुरू झाली. त्याच्या ओळखीपाळखीचे कितीतरी लोक नव्या दरबारात रुजू झाले. त्याने ती चाकरी नाकारली. म्हातारपणी त्याला खास परीक्षेसाठी जबरदस्तीने पेकिंगला नेलं, तरी तो परीक्षेला बसला नाही. म्हणजे झाओच्या अक्षरात त्याला जो लाचार गोडवा दिसला, तो अर्धा झाओचा होता आणि अर्धा त्याच्या डोळ्यांसमोरच्या माणसांचा. तरीही प्रामाणिकपणा असा की त्याच उपदेशात तो हेही कबूल करतो की झाओने वांग शीझीचा (चौथ्या शतकातला, सगळ्यांत थोर मानला जाणारा लेखनकार) अभ्यास मन लावून केला होता.

---

तोक्योकर

यानचं नाव निघालं म्हणून लिहितो. २०१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात यान झेनछिंगचं मोठं प्रदर्शन होतं. त्यात त्याने पुतण्यासाठी लिहिलेल्या शोकलेखाचा कच्चा मसुदा तैपेईच्या राजवाडा संग्रहालयातून आणला होता. मी तासाहून जास्त वेळ रांगेत होतो. माझ्या पुढे-मागे चीनहून मुद्दाम त्यासाठी आलेले लोक होते. पुढे पोचल्यावर थांबू देत नव्हते, चालत चालतच बघायचं. काही सेकंद मिळाले.

पार्श्वभूमी अशी: ७५५ साली आन लुशान या सेनापतीने थांग सत्तेविरुद्ध बंड केलं. यानचा चुलत भाऊ आणि त्याचा मुलगा जीमिंग बंडखोरांविरुद्ध उभे राहिले आणि मारले गेले. ७५८ साली पुतण्याचं नुसतं शिर हाती लागलं. त्यावर यान लिहायला बसला. सुरुवातीच्या ओळी शांत आहेत, तारीख, पद, नाव, रीतीप्रमाणे. मग 'घरटं उलटलं, अंडी फुटली' अशा अर्थाची ओळ येते, तोवर शाई सुकत जाते, शब्द खोडले जातात, बाजूला नवे घुसवले जातात. सव्वादोनशेच्या वर अक्षरं, त्यातली तीसेक खोडलेली. शेवटच्या ओळी तर धावत सुटल्या आहेत. एवढी खाडाखोड असलेला कागद चिनी लोक हस्तलेखनातल्या सर्वोच्च दोन-तीन कृतींत धरतात.

मला चिनी वाचता येत नाही, जपानीमुळे काही अक्षरं ओळखू येतात एवढंच. तरी अंगावर काटा आला.

तेव्हा तैवानमध्ये आणि चीनमध्येही लोक खूप चिडले होते. एवढा नाजूक कागद परदेशी का पाठवला, तोही जपानला, म्हणून. कागदाचा तुकडा नव्हे, घरातलं माणूस पाठवल्यासारखी ती चीड होती.

---

सह्यकडा

मला इथे एक शंका आहे आणि ती मनापासून विचारतो. तोक्योकर, तुम्हाला गोष्ट आधी माहीत होती. शिर, पुतण्या, बंड. गोष्ट माहीत नसती आणि कोणी सांगितलं असतं की हा एका कारकुनाचा घाईत लिहिलेला धान्याचा हिशेब आहे, तर काटा आला असता का?

माणूस चांगला, म्हणून अक्षर चांगलं. अक्षर चांगलं दिसतं, म्हणून माणूस चांगला. हे गोल फिरणं झालं.

---

निरभ्र

शंका रास्त आहे, आणि चिनी परंपरेतच तिला बळ देणारं उदाहरण आहे. सोंग काळाचे चार श्रेष्ठ लेखनकार म्हणून सू, ह्वांग, मी, त्साई अशी आडनावं पाठ करतात. सू शी, ह्वांग तिंगज्येन, मी फू, आणि चौथा त्साई श्यांग. यात एक खटकतं. त्साई श्यांगचा जन्म १०१२ चा, म्हणजे चौघांत तोच वडील. मग शेवटी का? जुन्या काळापासून असं बोललं जातं की चौथा त्साई मुळात निराळाच होता: त्साई जिंग, सम्राट ह्वेइझोंगचा मुख्य मंत्री. उत्तर सोंग सत्ता (सोंगांच्या राज्याचा आधीचा काळ) बुडाली त्याचं खापर ज्यांच्यावर फुटलं त्यांत याचं नाव पहिलं. त्याचं अक्षर उत्तम होतं हे त्याचे शत्रूही नाकारत नाहीत. पण दुष्टाला मानाच्या यादीत कसं ठेवायचं? म्हणून आडनाव तेच ठेवून माणूस बदलला. सगळे अभ्यासक हे मान्य करत नाहीत, पण ही कथा इतकी शतकं टिकली यावरून समाज कसा विचार करतो ते दिसतं.

आणि ज्या सम्राटाचा तो मंत्री, त्या ह्वेइझोंगने स्वतः राज्य घालवलं, कैदेत मेला. पण त्याचं 'सडपातळ सोनं' नावाचं बारीक, धारदार वळण आजही लोक आवडीने गिरवतात. त्याच्या अक्षराला कोणी वाळीत टाकलं नाही. नियम सगळ्यांना सारखा लागत नाही, हे खरं.

---

मोडीप्रेमी

मी गेली बारा वर्षं मोडी कागद वाचतो. सह्यकडा म्हणतात तो कारकुनाचा हिशेब रोज माझ्या हातात असतो, म्हणून लिहितो.

मोडीतही वळणं आहेत, चिटणिशी, बिवलकरी वगैरे. लिहिणारा आधी कागदभर रेघ ओढतो आणि मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं खाली सोडत जातो. सरावाने कळतं की हा हात थकलेला होता, इथे दुसरा माणूस बसला, इथे बोरू नव्याने तासला. पण 'हा कारकून सज्जन होता' असं मला एकदाही कळलेलं नाही. हात कळतो, स्वभावातली घाई-सावकाशी कळते, नीती कळत नाही.

दुसरं, आपल्याकडे अक्षराला जोखायची पट्टीच निराळी. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनावर आहे. समर्थांची अपेक्षा अशी की पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत असावं, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं. आपण 'मोत्यासारखं अक्षर' म्हणतो तेव्हा हेच मनात असतं, एक मोती दुसऱ्यासारखा. चिनी लोकांचं तसं नाही असं ऐकून आहे. ओवीताई, खरं का?

---

ओवी

मोडीप्रेमी, अगदी खरं, आणि तुम्ही समर्थांचं उदाहरण दिलंत म्हणून मला ते पहिल्यांदा स्पष्ट झालं.

३५३ साली शावशिंगजवळ लांतिंग नावाच्या जागी वांग शीझीने मित्र जमवले होते. वळणावळणाच्या झऱ्यातून मद्याचे प्याले सोडायचे, ज्याच्यापुढे थांबेल त्याने कविता करायची, नाही जमली तर प्यायचं. त्या दिवशीच्या कवितांना त्याने प्रस्तावना लिहिली: २८ ओळी, ३२४ अक्षरं. तीत 'झी' हे साधंसं अक्षर २० वेळा येतं, आणि वीसच्या वीस वेळा वेगळं. कुठे बसकं, कुठे धावतं, कुठे शेपूट लांबवलेलं. शतकानुशतकं त्याचं कौतुक होतं ते यासाठी. वीस मोती सारखे असते तर चिनी जाणकार म्हणाला असता, हात चांगला आहे, पण हे कारागिराचं काम.

आणि मूळ कागद आज नाहीच! थांग सम्राट तायझोंगला वांगचं इतकं वेड की त्याने तो मिळवला आणि असं सांगतात की स्वतःबरोबर थडग्यात नेला. आज बघतो त्या नकला. १९६५ साली क्वो मोरुओ या बड्या विद्वानाने तर नानजिंगजवळ सापडलेल्या जिन काळातल्या कोरीव दगडांचा आधार घेऊन म्हटलं की ही प्रस्तावना वांगची नाहीच. त्याच्या उलट बाजूने काव अरशी यांनी लेख लिहिला, आणि तो छापला जावा म्हणून खुद्द माओंनी शब्द टाकला.

सह्यकडा, तुमच्या शंकेचं उत्तर माझ्यापाशी निम्मंच आहे. मोडीप्रेमींनी म्हटलं ते मला पटतं. यानचा मसुदा बघून 'हा माणूस निष्ठावंत होता' हे कळत नाही. पण हा हात सुरुवातीला सावरलेला होता आणि नंतर सुटला, हे गोष्ट माहीत नसली तरी कळतं. तेवढं कागदावर आहे. बाकीचं आपण घरून घेऊन येतो.

---

कृष्णाकाठ

मोत्यासारख्या अक्षराचा मार चिनी माणसांनीही खाल्लाय बरं का. थांग काळात अधिकारी निवडताना चार गोष्टी बघत: शरीरयष्टी, बोलणं, अक्षर आणि निवाडा. पुढे छिंग काळात सरकारी परीक्षांसाठी एक ठरीव, काळंभोर, चौकोनात बसवलेलं वळण रूढ झालं. गोंग झीझेन (१७९२–१८४१) हा त्या शतकातला केवढा मोठा कवी आणि विचारवंत. १८२९ साली वरची परीक्षा उत्तीर्ण झाला, पण अक्षर त्या साच्यात बसत नव्हतं म्हणून हानलिन अकादमीत (दरबारी विद्वानांच्या संस्थेत) त्याला जागा मिळाली नाही. त्याने हे दुःख पुढे लिहूनही ठेवलं.

याच्या नेमकं उलट, फार पूर्वी हान काळाच्या शेवटी झाओ यी नावाच्या माणसाने धावत्या लिपीच्या नादी लागलेल्यांवर टीका केली होती. दहा दिवसांत एक कुंचला झिजवतात, बाह्या आणि गळपट्टी काळी करून घेतात, आणि हे सगळं कशासाठी? गावात यावरून कोणाची लायकी ठरत नाही, दरबार यावरून अधिकारी नेमत नाही! माझ्या दृष्टीने शूफा कला झाली ती नेमकी तेव्हा. ज्याचा काही उपयोग नाही त्याच्यासाठी माणसं बाह्या काळ्या करायला लागली तेव्हा.

---

मृद्गंधा

कृष्णाकाठ, शेवटचं वाक्य फार आवडलं. पण मग सत्ता लगेच मागून आलीच की. परीक्षा, पदं.

---

कृष्णाकाठ

आलीच, आणि अजून आहे. च्यांगशी प्रांताचा उपराज्यपाल हू छांगछिंग याला अक्षराची हौस होती. नानछांग शहरात दुकानांवर, हॉटेलांवर त्याच्या हातच्या पाट्या झळकत होत्या, लोक मोठाली रक्कम देऊन लिहून घेत. लाचखोरीत सापडला, २००० साली त्याला देहदंड झाला, आणि पाट्या पटापट उतरवल्या गेल्या. आदल्या महिन्यात जे अक्षर 'भारदस्त' होतं ते दुसऱ्या महिन्यात नकोसं झालं. अक्षर तेच.

---

सोलापूरकर

आमच्या गावचा एक दुवा सांगतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला गेले. तेव्हा माओंनी स्वतः कुंचल्याने शोकसंदेश लिहिला: सैन्याने मदतीचा हात गमावला, राष्ट्राने मित्र गमावला, अशा अर्थाचा. त्याचं छायाचित्र मी लहानपणापासून पाहत आलोय. एक अक्षर कळत नाही. तरी ते तिरपं, पुढे झुकलेलं धावतं अक्षर पाहिलं की मला डॉक्टर आठवतात, माओ नाही. माओंच्या राजवटीत काय काय झालं ते मोठेपणी वाचलं, पण त्या कागदाकडे बघताना ते मध्ये येत नाही. ओवीताईंच्या आजी झाओकडे जसं बघतात तसं मी का बघत नाही, याचा हा धागा वाचून पहिल्यांदाच विचार केला.

---

निरभ्र

सोलापूरकर, मोठं लिहिलंत. कागद कोणासाठी लिहिला हेही त्यात राहतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मला एक भर घालायची आहे. चीनमध्येच एक काळ असा आला की लोक या नामांकित माणसांना कंटाळले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात विद्वान जुन्या शिलालेखांकडे वळले. ल्वोयांगजवळच्या लाँगमेन लेण्यांत उत्तर वेइ काळातले (पाचवं-सहावं शतक) छोटे छोटे लेख कोरलेले आहेत. कुणी मेलेल्या मुलासाठी, कुणी नवऱ्यासाठी मूर्ती दान दिली, त्याची नोंद. बहुतेक लेख लिहिणाऱ्याचं नाव नाही, टाकीवाल्याचं तर नाहीच. त्यांतले वीस निवडून त्यांचे ठसे कित्ते म्हणून गिरवले जाऊ लागले. टोकदार, कुऱ्हाडीने तोडल्यासारख्या रेघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खांग योवेइ या विद्वानाने तर त्या लेखांना डोक्यावर घेतलं. तिथे माणसाची नीती तपासायला माणूसच हाती नाही. सह्यकडांच्या कसोटीला उतरलेलं सौंदर्य हवं असेल तर ते इथे आहे.

---

सह्यकडा

हे मला माहीत नव्हतं. आभारी आहे. तरी बघा, मेलेल्या मुलासाठी मूर्ती दिली हे तुम्ही सांगितलंत आणि माझं मन लगेच तिकडे गेलं. मीही सुटलो नाही.

---

ओवी

आजच्या बुधवारचं सांगते.

मी आजींना सरळ विचारलं, तुम्हाला झाओ इतका का खुपतो. त्या बराच वेळ शाई उगाळत राहिल्या. (इथे शाईची कांडी दगडावर पाणी घालून उगाळतात, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी. घाई केली की शाई भरड होते.) मग म्हणाल्या, त्यांचे वडील १९४९ साली चीनमधल्या शानतुंगहून इथे तैवानला एकटे आले. आई-भाऊ तिकडे राहिले, पुन्हा भेट झाली नाही. ते रोज रात्री मुलीला यानचं अर्धं पान गिरवायला बसवायचे आणि पुतण्याची गोष्ट सांगायचे. गोष्ट सांगताना त्यांचा आवाज दर वेळी त्याच ठिकाणी बदलायचा. "यान गिरवताना मला बाबांचा आवाज ऐकू येतो," म्हणाल्या. "झाओ गिरवताना काहीच ऐकू येत नाही."

मग त्यांनी माझा कित्ता स्वतःकडे ओढला. झाओने उतरवलेली लांतिंग प्रस्तावनाच आहे ती, त्याने ती आयुष्यात कितीदा तरी लिहिली. आजींनी चष्मा सरकवला आणि एका 'झी'वर बोट न टेकवता, हवेत, ते अक्षर दोनदा काढून पाहिलं. म्हणाल्या, "इथे बघ. वळताना थांबत नाही, तरी घाई नाही. हे मला अजून जमत नाही."

कित्ता परत दिला आणि स्वतःच्या यानकडे वळल्या. मी आज ओळीने चाळीस 'झी' काढले. एकही तसा आला नाही.

---

मृद्गंधा

ओवी, आजींना नमस्कार सांग. मला सुरुवात करायची आहे, पुण्यात आहे. कोणता कुंचला घेऊ?

---

ओवी

मिश्र केसांचा घे, बोराएवढ्या जाडीचा. नुसते बकरीचे केस फार मऊ असतात, पहिल्या वर्षी हातात राहत नाहीत. चांगला कागद इतक्यात नको, जुन्या वर्तमानपत्रावर पाण्याने लिही. इथे बागेत पहाटे म्हातारी माणसं फरशीवर पाण्याने लिहितात, ओळ संपेपर्यंत पहिलं अक्षर वाळून गेलेलं असतं. पहिला महिना फक्त आडवी रेघ. फोटो टाक, मी लाओशींना दाखवेन.